जिभेची सोनोग्राफी

...आन् वरून मलाच हसून राहिले सगळे! तुमीच सांगा, सोनोग्राफी म्हनलं की पानी प्यावं लागतं का न्हाई? आमच्या साखरा गावातलं शेंबडं पोरगंबी सांगतं, पोट तट्ट फुगस्तोवर प्यायचं अन् लघवीला जायचं न्हाई! मग माझं काय चुकलं?

माझी पुतणी प्रियंका, सहा वर्षांची. हुशार लई, पन 'क' म्हनायला गेली की 'त' निघतो. मी काका, तर मी 'ताता'! सोताचं नाव 'प्रियंता'! शाळेत पोरं खिदळतेत, म्हून लेकरानं वर्षभर वर्गात तोंड उघडलं न्हाई हो... जीव तुटायचा माझा. तेवढ्यात कळलं, हिंगोलीला आफिफा मॅडम जिभेची सोनोग्राफी करून बोलायला शिकवतेत. झालं! यष्टीत बसलो अन् दर फाट्याला लेकराला पानी पाजलं. एकटीलाच कसं पाजावं? संगं मीबी प्यालो! माझं काय चुकलं?

मॅडमनं कपाळाला हात लावला. "अहो काका, जीभ बघायचीय, पोट नाही! आधी तिला मोकळी करून आणा!"

मग हनुवटीखाली ते गारगार मशीन लावलं, अन् समोर टीव्हीवर जीभ! निस्ती पांढरी रेघ, अळीवानी वळवळ करून राहिली. मॅडमनं आधी सोताची दाखवली, "बघ, 'क' म्हणताना माझी जीभ मागून उठते. तुझी पुढूनच उठतेय. मागून उचल बरं!" पोरगी टक लावून बघते अन् म्हनते, "त". परत "त". धा येळा "त"! अन् मी इकडं ह्या पायावरून त्या पायावर... मॅडम म्हनल्या, "काका, तुम्ही तरी जाऊन या!" कसा जाऊ? तेवढ्यात 'क' निघला तर?

अन् रेघ मागून उठली हो! "क!" मॅडमनं टाळी वाजवली, मी रडलो, नाचलो, अन् मग जो पळालो!

पुढं तीन महिने दर मंगळवारी हिंगोली. परवा पोरीनं वर्गात उभं राहून सोताचं नाव सांगितलं, "प्रियंका!" मी गल्लीत पेढे वाटले. समदे ओट्यावर जमले. आमची आशाबाई, म्हंजे तिची काकू, लाडानं म्हनली, "बोल माझी बाई, 'क'चं कायतरी बोल!"

पोरीनं छाती फुगवली अन् एका दमात म्हनली, "काकानं श्रावणात कापसात बसून कोंबडी खाल्ली!"

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या... करता काय? उच्चार इतका बराबर व्हता, का 'पोरगी दुसरंच कायतरी म्हनून राहिली' असं सांगायची सोयच न्हाई ठिवली मॅडमनं!