हिराकाकीच्या उंबऱ्यावरचे तांदूळ

माझं नाव मार्था. माहेर कुंभिवलीचं, बाप बैलगाडी हाकायचा, आय लोकांच्या शेतात राबायची. बापाला मिशनच्या दवाखान्यात गुण आला, मंग तो तिथंच प्रार्थनेला बसाय लागला आन आमी समदी ख्रिस्ती झालो. सोळाव्या वर्साला मला पोशीरला दिली. नवरा कर्जतला रेल्वेच्या लायनीवर कामाला, घरात मी आन सासू. सासू कदी वरडली नाय, पन एकदा बोलली का बोलली.

शेजारी हिराकाकी ऱ्हायची, नवऱ्याची सख्खी चुलती, मागं-पुढं कोन नाय. सासऱ्यानं धर्म बदलला तवापास्नं तिनं आमच्याशी उभा दावा मांडलेला. काय सांगू तुमाला, मी अंगनातनं गेले का मागनं शेनाचं पानी शिंपडायची, बाटगी गेली म्हनायची. माझं पयलं मूल पोटातच गेलं तवा दारात उभी ऱ्हाऊन म्हनली का देव बदलला त्याचं फळ हाय हे. ते मी इसरले नाय. आजबी नाय.

तवा लढाईचं दिवस, तांदूळ रेशनावर. आमच्यात रीत व्हती का रांधायला तांदूळ घेतला म्हंजी त्यातली एक मूठ देवाच्या नावानं बाजूला काढायची आन अडल्यानडल्याला द्यायची. सासू म्हनली, यंदा ही मूठ हिराकाकीची, तिच्या घरात दाना नाय. मी म्हनलं, आय, तिला? तर म्हनली, पाळकसायब सांगतात वैऱ्यावरबी माया करावी, तू प्रार्थनेला पुढं बसून मान डोलावतेस, मंग कर की.

आमच्या हातचं शिजलेलं काकी खायची नाय, पन कोरडा तांदूळ बाटत नाय ना. मंग मी रोज पळसाच्या पानात मूठ घेऊन तिच्या उंबऱ्यावर ठेवायची आन आत न बघता मागं फिरायची, तिचं तोंडच बघाया नको. ती आतनं म्हनायची, खडं किती गं यात. पन उचलायची.

आश्विनात एकदा बघते तर कालचं पान तसंच. म्हनलं, म्हातारी रुसली वाटतं. त्याच्या शेजारी दुसरं ठेवलं. मंग तिसरं, मंग चौथं. चिमन्या टिपत व्हत्या. माज आलाय हिला, म्हनलं मी, आन खरं सांगते, मला बरं वाटलं, का मी माझं केलं, आता तिचं ती जाने. पाचव्या दिवशी सासू संगं आली, उंबऱ्यावरची चार पानं बघितली आन म्हनली, मार्थे, हे रांधाया आत कोन उठतंय, ते बघितलंस का गं?

हातातलं पान तिथंच टाकलं आन दार ढकललं.

आत गेले, जल्मात पयल्यांदा. काकी गोधडीवर तापानं फनफनलेली, हिवताप तो, ओठ फाटलेलं, चूल थंडगार. तिचीच चूल पेटवली, तिच्याच भांड्यात पेज केली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. वाटी ओठाला लावली तर तिनं दात घट्ट मिटलं आन तोंड फिरवलं. मला वाटलं आता ही जानार, आन चार दिस मी दारापातूर येत व्हते. रडू फुटलं मला. म्हनलं, काकी, मला काय बोलायचं ते बोल, पन एवढं पी. मी चुकले गं. तिनं तोंड परत माझ्याकडं वळवलं. मंग प्याली. आन म्हनली काय, तर मीठ नाय गं यात.

त्यावर सा-सात वर्सं जगली. शिव्या काय सुटल्या नाय, पन सांज झाली का हाक मारायची, अगं बाटगे, ये, चूल पेटव. मीबी जायची. माझ्या मुलावरनं तिचं ते बोलनं माझ्या काळजात व्हतं आन तिची मायाबी व्हती, दोन्ही एकाच ठिकानी. गेली तवा मी माझ्या आयसाठी रडले नाय तेवढी तिच्यासाठी रडले.

आता मीच म्हातारी झाले. तोंड लई वाईट झालंय बाय माझं, सून बिचारी ऐकून घेते, कालच तिला नको ते बोलले. मंग रातच्या प्रार्थनेत देवाला म्हनते, बापा, हिच्या मनात माझ्यासाठी माया घाल. मी सुधरीन म्हनून थांबू नको, आता ते व्हायचं नाय. मी हाय अशीच हिला आवडू दे.