चार नावांत नसलेली फिलू

फिलूच्या आई, घरची मंडळी, पॅकिंग खात्यातल्या मैत्रिणींनो आणि मैदानावरच्या सगळ्यांनो,

शिफ्ट सुटल्यावर तुम्ही घरी न जाता थेट इथे आलात. मला बोलायला सांगितलं, मी हो म्हटलं. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी सुलभा. आपल्या कंपनीच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार. फिलोमिना, आपली फिलू, सहा वर्षं या संघात होती. मरोळच्या गावठाणातून विक्रोळीला यायची. तीन आठवड्यांची कावीळ, आणि ती गेली.

सहा वर्षांत ती एकदाही सुरुवातीच्या पाच जणींत उतरली नाही. तरी कितीतरी मॅचेस तिनेच काढून दिल्या.

कशा? बाकावर ती नुसती बसायची नाही. बघायची. मी पाणी प्यायला आले की कानाशी म्हणायची, "अगं, ती सात नंबरवाली डावीकडे वळतच नाही." मग मी तिला आत घ्यायची. अंग मोकळं व्हायला तिला वेळ लागत नसे. पहिला बॉल हातात आला की टाकलाच बास्केटमध्ये. चुकला तर चुकला. दुसराही तितक्याच निर्धास्तपणे टाकायची. आम्ही दमलेल्या असायचो, ती गुण करत राहायची. परत बाहेर बोलावलं तर तोंड वाकडं नाही. जी आत जायची तिला सांगायची, कुणापासून जपायचं ते.

आता जे सांगणार आहे, ते इथे फार कुणाला माहीत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संघातल्या मुली तेव्हा कंपनीत टेम्पररी होत्या. मी एकटी कायम. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "चार जणींना कायम करतोय. नावं द्या." मी माझ्याबरोबर सुरुवातीला उतरणाऱ्या चौघींची नावं लिहिली. फार विचारही केला नाही. फिलूचं नाव लिहिलं नाही.

दोन दिवसांनी मॅच होती. नावं तोवर संघात कळली होती. मला वाटलं, ती येणार नाही. ती आली. बुटांच्या नाड्या आवळून बाकावर बसली. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही नऊ गुणांनी मागे. मला तिच्याकडे बघवेना. शेवटी तीच म्हणाली, "सुलभा, मला घे ना. त्यांची उंचवाली दमलीय."

मी घेतलं. ती मॅच आम्ही जिंकलो.

नंतर नळावर पाय धुताना मी म्हटलं, "फिलू, माझं चुकलं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. "मला राग आलाय तुझा." तिने नळ बंद केला. मग म्हणाली, "आई विचारेल गं. तिला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "सुरुवातीला खेळत नाही, तिला कशाला?" मी म्हटलं, "साहेब, आम्ही पाच जणी बिघडवतो, ते ती येऊन सावरते. असं खेळणारी दुसरी नाही आमच्यात." त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. मी पुन्हा गेले. पुन्हा नाही. चौथ्यांदा गेले तेव्हा त्यांनी फाईल मागवली. तिचं कायम झाल्याचं पत्र यायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात तिने एकही मॅच चुकवली नाही. माझ्याशी बोलणंही तिने कधी टाकलं नाही.

पत्र हातात घेऊन म्हणाली, "आता आईला सांगते." तोवर तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं.

आई, ते दीड वर्ष माझ्यामुळे गेलं. तुम्हाला हे माझ्याकडूनच कळायला हवं होतं.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. आईंना उभं राहवणार नाही, त्यांनी बसूनच असावं. मी त्यांच्याशेजारी बसते.