तिसरी हाक

हसायचं न्हाई बे, आधीच सांगतो. परवा भरदुपारी माझ्या एम.ए.च्या पोरांचा केनियातल्या विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन तास होता. दोन्हीकडच्या भुताच्या गोष्टी ताडून बघायच्या, एवढाच विषय.

तिकडची एक पोरगी म्हणाली, "आमच्याकडं मेलेलं माणूस नाव घेऊन हाक मारतं. ओ दिली की घेऊनच जातं."

आमची चकलांब्याची सुनीता पांढरीफटक पडली. "सर, आमच्यात बी हायच की हे! पण भुताला दोनदाच हाक मारता येते. तिसरी ऐकल्याबिगर ओ द्यायची न्हाई."

मी हसलो. तेवढ्यात लाइट गेली, पडदा काळा झाला, अन् व्हरांड्यातून आवाज आला, "बाळू!"

ह्या नावानं मला फक्त आई बोलवायची. तिला जाऊन लई वर्षं झाली.

"बाळू रं!"

माझं तोंड उघडलंच होतं. सुनीता हळूच म्हणाली, "सर, न्हाई." सगळे व्हरांड्याकडं कान लावून बसलो. तिसरी हाक आलीच न्हाई.

लाइट आल्यावर कॉल पुन्हा जोडला. केनियाची पोरगी मागं वळून तिच्या दाराकडं बघत होती.

"सर, आत्ता इथं बाहेरून कुणीतरी हाक मारली," ती म्हणाली. "बाळू कोण?"