काढलेली बारावी पायरी

तुम्ही हसाल, पण आमच्या उमरग्याच्या घरातला तो माळ्याचा जिना मला अजून स्वप्नात दिसतो. निजामाचं राज्य जाऊन बांधकामाचे नवे नियम आले होते. त्यांप्रमाणं रशीद मिस्त्रीनं नऊ-नऊ इंचांवर बारा पायऱ्या बसवल्या. आईनं त्या मोजल्या आणि म्हणाली, "सम पायऱ्या घराला लाभत न्हाईत." मिस्त्रीनं सगळ्यात वरची काढून टाकली.

मग सरकारी ओव्हरसियर साहेब बांधकाम तपासायला आले. चढताना त्यांनी वरती एक ढांग टाकली, तेव्हा काही कळलं नाही. उतरताना मात्र त्यांचा पाय हवेत चाचपडायला लागला. माळ्याची तुळई घट्ट धरून ते म्हणाले, "अहो, पायरी कुठंय?"

साहेब पडले तर त्यांची मान मोडणार आणि तुरुंगात मी जाणार. धावत वर जाऊन मी त्यांचा घोटा धरला.

"इथली पायरी कुणी काढली?" साहेबांनी विचारलं.

"म्या काढायला लावली," आई खालून शांतपणे म्हणाली. "बारा झाल्या व्हत्या."

साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "मावशी, मग तेरा करायच्या होत्या. आता आधी मला उतरवा."