उरलेल्या गोळ्या

पिंजौरहून चंदीगडला येणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक डॉक्टरीणबाई आणि तिची मावशी मराठीत मोकळेपणी बोलत होत्या. इथे आपलं कुणाला कळणार, अशा खात्रीने. मीही शक्य तितका पंजाबी चेहरा करून बसलो.

"एचआयव्हीच्या गोळ्या रोज न चुकता घ्याव्या लागतात, मावशी. लोक घेतात का, हाच माझा अभ्यास."

"बरं."

"म्हटलं, आधी लॅबमधल्या सगळ्यांनी महिनाभर साखरेची गोळी घेऊन बघू. रोज सकाळी आठला. कल्पना माझीच."

"मग?"

"मीच सात दिवस विसरले."

"साखरेची गोळी? लहानपणी डबा पळवायचीस की गं!"

"हसू नकोस. काल डबे परत द्यायचे होते. उरलेल्या गोळ्या कश्मिरा मोजते, माझ्या हाताखालची मुलगी. मी आधी बाथरूममध्ये गेले आणि सातही बेसिनमध्ये सोडल्या."

"अगंबाई!"

"ती म्हणाली, 'मॅडम, एक भी नहीं बची!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या."

"तुझ्या पेशंटच्याही अशाच मोजता?"

"अशाच. डबा रिकामा, म्हणजे गोळ्या घेतल्या."

"आणि उरल्या तर?"

"दहा मिनिटं माझं लेक्चर."

"मग कशाला कुणाच्या उरतील?"

"नाहीच उरत. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांचा डबा रिकामा. त्यावरच तर मला बक्षीस मिळालं, मावशी."