बिनानावाचं भांडं

—नाही, माझं नाही ते. उलटं करून दाखवायला नको, बुडाला नावाची पट्टी नाही हे मला या मोरीपासूनही दिसतंय. बाकीची ठेव त्या टेबलावर. हे व्हर्नाचं, हे पाळकांच्या बायकोचं — खाल्लंस तिचं? फेकलंस ना. सगळेच फेकतात, देव क्षमा करतो. तुझ्या नवऱ्याला, हॉलिसला मातीआड करून महिना झाला नाही तोच सगळ्यांची भांडी घासून आणलीस, म्हणजे तुझी आई वळण लावून गेली. दुःखाच्या घरी आलेलं भांडं घासून चर्चच्या या तळघरात पोचतं करायचं, आणि मग घरी जाऊन पुन्हा या लोकांचं तोंड पाहायचं नाही — असंच ठरवून आलीस ना? वरच्या उपासनेला नव्हतीस, खालच्या दारानं आलीस, त्यावरूनच कळलं. मीही तसंच ठरवलेलं. माझा नवरा, डॅरेल, खाणीत गेला. छप्पर खचलं. कंपनीचा माणूस टोपी हातात घेऊन आला, पाळक बायबल घेऊन आले, बाया भांड्यांतून मॅकरोनी घेऊन आल्या, आणि देव काही आला नाही. तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, तू नाहीस तर मीही नाही, भांडी तेवढी परत करते नि सुटते. आणि त्यात एक बिनानावाचं निघालं. निळ्या फुलांचं, कानाशी टवका उडालेलं — हो, तसंच. अशी तर ढिगानं मिळतात. आता दुसऱ्याचं भांडं घरात कसं ठेवायचं? चोर नाही मी. म्हणून पुढच्या रविवारी आले, विचारलं. कुणाचंच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पलीकडच्या घळीतल्या बाया यायच्या होत्या, म्हणून पुन्हा आले. विचारायचं तर थांबावं लागतं, थांबायचं तर हात रिकामे कसे ठेवायचे, म्हणून घासायला लागले. वर प्रवचन चालायचं, खाली मी देवाशी भांडायचे. तो कधी उलटून बोलला नाही. एकदा व्हर्ना म्हणाली, अगं, तू गातेयस. मी म्हटलं, नळ गातोय.

बायबलातल्या त्या मार्थेला प्रभू येशू बोलला म्हणतात, स्वयंपाकघरात काय खपतेस, इथं येऊन बस. बरोबरच असेल, तो प्रभू. पण त्या दिवशी जेवला असेलच ना? आणि हीच मार्था, भाऊ मेल्यावर, गावाबाहेर जाऊन प्रभूच्या तोंडावर म्हणाली, तू इथं असतास तर तो मेला नसता. त्यानं तिला हाकललं नाही. त्या वाक्यावर मी इतकी वर्षं उभी आहे, बाई. बसायला अजून जागा सापडलेली नाही, पण उभं राहता येतं.

कुणाचं होतं ते? नाही कळलं कधी. पट्टी पाण्यानं सुटली असेल. पाळक म्हणतात देवाची योजना, मी म्हणते हलकी पट्टी. दोन्ही खरं असेल.

तुझ्याकडे कुणी आणलं, मला काय माहीत? पायरीवर ठेवून गेलं असेल कुणी. मॅकरोनीवरचा पावाचा चुरा जरा करपला होता, तेवढं सोडलं तर — म्हणजे, करपला असेल. भट्टी जुनी असली की करपतो. अशी बघू नकोस माझ्याकडे. तुझ्याआधी ते लोर्नाकडे गेलं होतं, तिच्याआधी त्या जुळ्यांच्या आईकडे, आणि दोघी आता वर गाणाऱ्यांत उभ्या असतात, एक तर बेसूर. मी कुणाला काही म्हटलेलं नाही.

बरं, निघ आता, मला पेले उरकायचेत. — ते इथं नाही ठेवायचं. माझं नाही म्हटलं ना. उचल. पुढच्या रविवारी आण, वरच्या दारानं ये, नि सगळ्यांना विचार. आणि जाताना दार ओढून घे, ऊब जाते.