दुसरी जॉयस्टिक

२००४ साल. कागलहून कोल्हापूरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या हातात नव्या कॉम्प्युटरच्या सामानाची यादी होती.

"ताई, ग्राफिक कार्डाशिवाय गाड्यांचा गेम चालत न्हाय. रॅम कमी केली, तरी कार्ड बजेटात बसंना."

"मग दुसरी जॉयस्टिक काढ की."

"आणि तू कशानं खेळणार? कीबोर्डावर तुला जमत न्हाय. परत म्हणशील, धम्मपाल चीटिंग करतोय."

"करतोसच की."

"स्पीकर काढूया. मुकी गाडी पळवू."

"जॉयस्टिक काढ म्हटलं न्हवं?"

"का पण?"

"परवा पावणं आलतं बघ."

"पोह्यात मीठ कमी हाय म्हणालं, ते?"

"ते मला बघायला आलतं. होकार कळवलाय त्यांनी."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"मला तरी कुणी इचारलं?"

गाडी थांबली. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. गाडी निघाली.

"कधी हाय?"

"माझी परीक्षा झाली की."

"तिकडं कॉम्प्युटर हाय?"

"म्हशी हायत."

"मी दोनच घेणार जॉयस्टिक. कार्ड गेलं खड्ड्यात."

"नको रे. एक नुसती पडलेली बघून आई रडंल."